हिलारिओची टोपी

"टोपी तुझीच ना, वहिनी? एवढंच सांग," असं म्हणत फोर्तुनातोने खांबाला बांधलेल्या माणसाच्या पोटात आणखी एक लाथ घातली.

माणूस वाकायला गेला, पण दोरीने त्याला वाकू दिलं नाही. त्याचा एक डोळा सुजून केव्हाच मिटला होता. शाळेपुढच्या पटांगणात सगळं गाव जमलं होतं. बायकांच्याही हातात दगड होते.

सातुर्निनाने डावा हात पुढे केला. उजवा फडक्यात गुंडाळून गळ्यात अडकवलेला होता. तीन आठवड्यांपूर्वी भरदुपारी, तोंडं झाकलेले पाच जण वरच्या कुरणात आले आणि लोकरीसाठी पाळलेल्या अल्पाकांचा कळप हाकू लागले. आडव्या आलेल्या तिच्या नवऱ्याला, हिलारिओला, त्यांनी दगडांनी ठेचलं. त्याच्या डोक्यावरची टोपी एक जण ओढायला लागला, तेव्हा तिने त्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. दुसऱ्याने तिला खाली पाडून तिच्या बोटांवर बुटाची टाच ठेवली आणि गर्रकन फिरवली.

आता खांबाला बांधलेल्या माणसाच्या डोक्यावर सापडलेली ती टोपी तिच्या हातात आली. रक्ताचे डाग कुणीतरी घासून धुतले होते.

बोटं आपसूक टाक्यांवरून फिरू लागली. कळपातल्या तपकिरी मादीची लोकर, तिने स्वतः टकळीवर कातलेली. विकतच्या लोकरीचे टाके कवायतीला उभे केल्यासारखे असतात. हा धागा मात्र मध्येच जाड व्हायचा, मध्येच बारीक. जाड तुकडा आला की टाका फुगायचा आणि तिला हसू यायचं. कळप चरत असताना ती धागा मानेमागून घ्यायची आणि सायकलच्या तारांच्या पाच सुयांवर विणत बसायची. हातांतून मऊ लोकर सरकायची, ऊब यायची.

"टोपी होईपर्यंत डोकं टिकलं पाहिजे माझं," हिलारिओ म्हणायचा.

"टिकेल की. आत काही आहे थोडंच, झिजायला?"

या पटांगणात, या आरडाओरड्यात आपल्याला बरं वाटतंय, हे लक्षात येताच तिला लाज वाटली.

"माझीच आहे," ती म्हणाली.

पुढे काही बोलायच्या आत पहिला दगड आला. माणसाचं कपाळ फुटलं. मग फोर्तुनातोच्या मुठी बसू लागल्या, तोंडावर, बरगड्यांवर. त्या आवाजाने तिला कुरण आठवलं. असाच आवाज होता.

"थांबा भावजी! त्याची मनगटं बघा!"

कुणीच ऐकेना. ती मध्ये घुसली. एक दगड तिच्या खांद्यावर बसला. ती माणसाला पाठीशी घालून उभी राहिली आणि डाव्या हाताने तिने त्याच्या बाह्या वर ओढल्या.

"माझे दात हाडापर्यंत रुतले होते. याच्या हातावर साधा ओरखडा तरी आहे का?"

"बाजारात घेतली, ताई," माणूस रक्त थुंकत म्हणाला. "मी मीठ विकतो. देवाशप्पथ."

"पाचातला दुसरा कुणी असेल हा!" फोर्तुनातो ओरडला. "माझा भाऊ मेलाय, वहिनी!"

"माझा नवरा मेलाय." तिचा आवाज चढला नाही. "असेलही चोर. मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. खाली ठाण्यावर न्या त्याला. इथं मारायचा असेल तर आधी मला आडवी करा."

कुणीतरी हातातला दगड खाली टाकला. मग दुसऱ्याने. शेवटी दोघांनी दोरी सोडली आणि माणसाला काखांत हात घालून खालच्या वाटेने नेलं. निघताना सातुर्निनाने टोपी त्याच्या फुटक्या डोक्यावर बसवली. वाऱ्याला जखम उघडी राहिली असती.

संध्याकाळी फोर्तुनातो तिच्या दारात येऊन बसला. त्याच्या मुठी अजून वळलेल्या होत्या, बोटांची सालटं निघाली होती.

तिने आतून पांढऱ्या धाग्याची लड आणली. "हात पुढे करा, भावजी. मला एका हाताने धरता येत नाही."

त्याने हात पुढे केले. तिने लड त्याच्या हातांवर चढवली आणि धाग्याचा गुंडा दोन गुडघ्यांत धरून डाव्या हाताने गुंडाळायला लागली. धागा अडे, तेव्हा तो लहान मुलासारखा एकेक मनगट वाकवून तो सैल करून देई. त्याच्या बोटांचं रक्त धाग्याला लागत होतं. त्याने ते पाहिलं आणि हात मागे घ्यायला गेला.

"राहू द्या," ती म्हणाली आणि गुंडाळत राहिली.