विहिरीवरून जाणारा रस्ता

महापालिकेच्या महासभेची विषयपत्रिका यायची लताबाईंच्या नावाने, पण पाकीट फोडायचे मोतीराम. त्यात काही वावगं आहे असं त्या घरात कुणाला वाटत नसे. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला नसता तर तिकीट मोतीरामांनाच मिळायचं होतं, हे ते स्वतः सांगत आणि अख्खं मखमलाबादही सांगे. पोस्टरवर बायकोचा फोटो जेवढा मोठा, तेवढाच नवऱ्याचा. निवडून आल्या लताबाई, पण लोक नगरसेवक म्हणायचे मोतीरामांना आणि लताबाईंना म्हणायचे वहिनी.

सभेत मत कसं द्यायचं याचीही पद्धत ठरलेली होती. लताबाई खाली सभागृहात, मोतीराम वर प्रेक्षकांच्या गॅलरीत, पुढच्या रांगेत. मतदानाची वेळ आली की लताबाईंनी मान वर करून बघायचं. मोतीरामांनी खांद्यावरचा टॉवेल मांडीवर घेतला की हात वर करायचा, टॉवेल खांद्यावरच राहिला की गप्प बसायचं. मे महिन्यात एकदा मोतीरामांनी घाम पुसायला टॉवेल काढला आणि लताबाईंनी विरोधकांच्या ठरावाला झोकात हात वर केला. तेव्हापासून मोतीराम सभेला येताना खिशात वेगळा रुमाल ठेवू लागले.

एरवी या पद्धतीचं लताबाईंना काही वाटत नसे. गटारी, दिवाबत्ती, कुठल्या चौकाला कुणाचं नाव, असल्या विषयांत वर काय आणि खाली काय! पण नव्व्याण्णव सालच्या पावसाळ्यानंतर जी विषयपत्रिका आली, ती मोतीरामांनी वाचून मुकाट्याने कपाटावर ठेवून दिली. एरवी ते मोठ्याने वाचायचे. लताबाईंनी ती दुपारी काढून पाहिली आणि एका विषयापाशी त्या थांबल्या.

विषय रस्त्याचा होता. शहराच्या आराखड्यात त्यांच्या वॉर्डातून एक रुंद रस्ता दाखवलेला होता, तो ओझरच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या लोकांच्या कॉलनीला खेटून जात होता. रस्ता झाला तर तिथली कंपाउंडं, जिने, कुणाची पुढची खोलीच जाणार होती. म्हणून प्रस्ताव असा आला होता की रस्ता दक्षिणेला सरकवावा आणि मळ्यांतून न्यावा. सोबत नकाशा जोडलेला होता. नकाशातली लाल रेघ बरोबर ज्या मळ्यातून जात होती, तो लताबाईंच्या भावाचा, फकिराचा मळा होता. तिथल्या विहिरीचा छोटा गोल त्या रेघेच्या पोटातच आला होता.

ती विहीर त्यांच्या वडिलांनी खोदली होती. सुरुंगाचे दगड पाटीत भरून बांधावर टाकायचं काम लहानग्या लताने केलेलं. पाणी लागलं त्या दिवशी वडिलांनी पहिली कळशी तिच्याच डोक्यावर ठेवली होती. सासरी कितीही वर्षं झाली तरी माहेर म्हटलं की लताबाईंच्या डोळ्यांपुढे आधी विहीर यायची, मग माणसं.

मग भावाला जाऊन विचारायचं, की बाबा रे, तुझं काय म्हणणं आहे? पण तिथेच तर अडलं होतं. वडील गेल्यावर लताबाईंनी हक्कसोड करून दिली होती. तलाठ्यापुढे सही केली, जमिनीवरचा हिस्सा भावाला सोडला, भावाने त्याच दिवशी साडी-चोळी केली आणि माहेर उघडं राहिलं. त्यांच्याकडे सगळ्याच बहिणी असं करतात. आणि एकदा सही केली की बहिणीने त्या जमिनीचं नाव काढायचं नसतं. पीक कसं आहे, पाणी किती आहे, बांध कुणी कोरला, काही विचारायचं नाही. विचारलं की भावजयीच्या मनात येतं, हिचा जीव अजून जमिनीत अडकलाय वाटतं. लताबाई तर इतक्या जपायच्या, की माहेरी गेल्या तरी विहिरीकडे फिरकत नसत. ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा, पोरांची चौकशी करायची आणि निघायचं.

तरी त्या सभेच्या आदल्या रविवारी गेल्याच. फकिरा ओट्यावर बसून झेंडूच्या पाट्यांना सुतळी बांधत होता. बोलणं झालं ते थंडीचं, गुडघ्यांचं, थोरल्या पोराच्या नोकरीचं. दोनदा लताबाईंच्या ओठांवर शब्द आले आणि दोनदा त्यांनी ते गिळले. फकिराही सारखा काहीतरी बोलायला तोंड उघडत होता आणि पुन्हा सुतळीला गाठ मारत होता. शेवटी निघताना त्याने पिशवीत मेथीच्या जुड्या घातल्या आणि म्हणाला, "आक्का, मंगळवारी सभा हे ना तुमची?"

"आहे," लताबाई म्हणाल्या.

"मंग ठीक," तो म्हणाला आणि खाली बघत राहिला.

घरी येईपर्यंत लताबाई ते 'मंग ठीक' मनात घोळवत आल्या. भाऊ तोंडाने काही मागत नाही, बहिणीला संकटात टाकत नाही, असा अर्थ त्यांनी लावला. दुसरा कुठला लावणार?

मोतीरामांना मात्र त्यांनी रात्री जेवताना विचारलं, की तो रस्त्याचा विषय आहे, त्यात फकिराची विहीर जातेय, तुम्हाला माहीत आहे का. मोतीराम भाकरी मोडता मोडता थांबले. मला सगळं माहीत आहे, म्हणाले, दिनेशभाऊंना शब्द दिलेला आहे, तू हात वर कर आणि बाकीची काळजी करू नको. दिनेशभाऊ म्हणजे त्यांच्या गटाचे नेते. लताबाईंनी म्हटलं, अहो पण माझं माहेर आहे ते. त्यावर मोतीराम म्हणाले, सभेनंतर बोलू. बस्स, एवढंच. बायकोला कारण सांगितलं तर जीभ झिजते अशी काही पुरुषांची समजूत असते, त्यांतलेच मोतीराम एक होते.

सोमवारी कॉलनीतल्या ज्योत्स्नाबाई दोन-तीन बायका घेऊन आल्या. घरं वाचवा, म्हणाल्या, सगळा भरवसा तुमच्यावर आहे वहिनी. या सगळ्या लताबाईंच्याच मतदार. लताबाईंनी त्यांना चहा दिला आणि कुणाच्या डोळ्याला डोळा न देता बघते, बघते म्हणत राहिल्या. दोन्हीकडून ओढाताण म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी कळलं. इकडे मतदारांची पुढची खोली, तिकडे बापाने खोदलेली विहीर, आणि वर गॅलरीत नवऱ्याचा टॉवेल.

मंगळवारी सभा वेळेवर सुरू झाली नाही, कधीच होत नसे. आधी श्रद्धांजली, मग पाण्याच्या प्रश्नावर गोंधळ, मग चहा. लताबाईंनी चहाला हात लावला नाही. एकेक विषय 'मंजूर, मंजूर' म्हणत पुढे सरकत होता आणि त्यांना वाटत होतं, हाही असाच गलक्यात निघून जावा, कुणी मत मागूच नये, म्हणजे मी कुणाचीच गुन्हेगार नाही.

पण नगरसचिवांनी रस्त्याचा विषय वाचला आणि विरोधी बाकांवरून लगेच मतदानाची मागणी झाली. जुन्या आराखड्याला हात लावू नका, हे त्यांचं म्हणणं. दिनेशभाऊ बाकांमधून फिरून आपली माणसं मोजू लागले. त्यांचे दोन सदस्य आलेच नव्हते. लताबाईंजवळ येऊन ते वाकले आणि हळूच म्हणाले, वहिनी, आज एकेक मत महत्त्वाचं आहे. लताबाईंनी मान हलवली. कशासाठी हलवली ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

महापौरांनी सांगितलं, प्रस्तावाच्या बाजूचे सदस्य हात वर करतील.

लताबाईंनी सवयीने वर पाहिलं. मोतीरामांनी टॉवेल मांडीवर घेतलेला होता, चांगला पसरून, दिसेल असा. आणि त्यांच्या मागच्या रांगेत फकिरा बसला होता.

तो येणार आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, दाढी केलेली. महापालिकेची पायरी कधी न चढलेला माणूस मळ्यातलं काम टाकून आला होता. लताबाईंची नजर वळताच त्याने दोन्ही हात छातीपाशी जोडले. देवापुढे जोडतात तसे, आणि तसेच धरून ठेवले. त्याचे ओठ हलत होते.

लताबाईंचा उजवा हात बाकावर होता, तो तिथेच राहिला. आजूबाजूला हात वर झाले, नगरसचिव पेन्सिलीने मोजत पुढे गेले, दिनेशभाऊंनी मागे वळून डोळे वटारले. वर मोतीराम अर्धवट उठून टॉवेल झटकत होते. विरोधात कोण, असं महापौरांनी विचारलं तेव्हा त्यांनी हात वर केला. नगरसचिवांची मोजणी होईपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.

प्रस्ताव एका मताने पडला. रस्ता जुन्याच आराखड्याप्रमाणे, कॉलनीला खेटूनच जाणार हे ठरलं. विरोधी बाकांवर टाळ्या झाल्या, कुणीतरी शाबास वहिनी म्हणालं, दिनेशभाऊ नको ते बोलले. लताबाईंना त्यातलं काही ऐकू आलं नाही. आतून कुठेतरी गार वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या मनाने हात वर केला होता, आणि तोही भावासाठी. मोतीराम काय बोलायचं ते बोलतील, घरात महिनाभर अबोला राहील, पुढचं तिकीट जाईल. जाऊ दे.

त्या बाहेर आल्या तेव्हा फकिरा जिन्याच्या कठड्याला धरून उभा होता. मोतीराम दोन पायऱ्या खाली, पाठ करून. लताबाई भावाजवळ गेल्या. त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"आक्का," तो म्हणाला, "हात का नाय वर केला?"

लताबाईंना आधी कळलंच नाही. मग फकिराने खाली बघत सगळं सांगितलं. गुडघे गेलेत, मळ्यात आता उभं राहवत नाही. दोन्ही पोरं मातीत हात घालायला तयार नाहीत, त्यांना गाळे काढून धंदा करायचाय. रस्ता मळ्यातून गेला असता तर उरलेल्या जमिनीला रस्ता लागला असता आणि पोरं मार्गी लागली असती. त्यानेच मोतीरामांना गाठून गळ घातली होती, की दाजी, एवढं करा. आणि आक्काला सांगू नका, तिचा जीव आहे त्या विहिरीत, ठराव झाल्यावर मीच पाया पडून सांगेन. रविवारी सांगायचं होतं, पण तोंड उघडेना.

मोतीराम पाठमोरेच राहिले. त्यांनी टॉवेल तोंडाला लावला होता.

"मला सांगायचं होतंस रे," लताबाई म्हणाल्या. "एका शब्दाने सांगायचं होतंस."

"कोन्त्या तोंडानं सांगू? तू सही करून सगळं सोडलं, आन् मी बापाची विहीर बुजवायला निघालो, असं सांगू?" त्याने टोपी काढून हातात घेतली. "तू तरी कुठं विचारलंस, आक्का? इतक्या वर्सांत एकदा तरी विचारलंस?"

विचारायचं नसतं म्हणून विचारलं नाही, एवढंच होतं. जिन्यावरून लोक ये-जा करत होते, कुणी नमस्कार करत होतं. त्यांनी पदर सावरला आणि जे कधी विचारलं नव्हतं ते उशिरा का होईना विचारलं.

"पण विहीर तर राहिली ना? पाणी तर आहे ना तिला?"

"पानी हे," फकिरा म्हणाला. "पन वास मारतं. दोन वर्सं झाली, आम्ही पीत नाय. ढोरंसुद्धा तोंड लावीत नाय."

"मग प्यायचं पाणी कुठून आणता?"

"कॉलनीतून," तो म्हणाला. "ज्योत्स्नाताईंच्या नळावरून. त्यांच्या कंपाउंडात हे ना नळ, पुढच्या बाजूला. सकाळी दोन हंडे भरू देत्यात."