डिसेंबरात लेबेलो कोणाचं नाव घेणार

राफोमोलोच्या तोंडून ती चाल निसटली तेव्हा मी त्याच्यापासून हातभर अंतरावर ज्वारीच्या बिअरचं भांडं धरून उभी होते. त्यामुळे या प्रकरणात माझ्याकडे ऐकीव माल फार थोडा आहे.

ऑगस्ट, म्हणजे आमचा हिवाळा, संपत आला होता. वरच्या डोंगरावर बर्फ होतं आणि राफोमोलोच्या अंगणात लेबेलो बसला होता. साक्षात लेबेलो. ज्याचं अकॉर्डियन वाजलं की टॅक्सीवाले गाडी कडेला घेतात तो. डिसेंबरातल्या माळावरच्या जलशाआधी तो गावोगाव फिरून आपली माणसं बघून जातो, आणि या वर्षी आमच्या हा-लेशोबोरोची पाळी आली होती. गावातली सगळी हिरव्या घोंगडीवाली माणसं अंगणात जमली होती. राफोमोलो त्यांचा पुढारी. गळ्यात शिट्टी, उजव्या खांद्यावर घोंगडीची टाचणी चकचकीत घासलेली. पाहुण्यासाठी त्याने अख्खा मेंढा कापला होता.

आमच्याकडे माणूस कुठल्या गायकाचा आहे ते त्याच्या घोंगडीवरून कळतं. हिरवी लेबेलोची, तांबडी सेफाकोची. सेफाको म्हणजे गारपीट, आणि तो गातोही तसाच. माणूस मेला तर त्याच रंगाची माणसं त्याचा खड्डा खणतात, त्याच्या बायकोला पिठाचं पोतं पोचवतात. म्हणून घोंगडी हा नुसता शौक नाही. माझी घोंगडी राखाडी आहे. मी बिअर गाळते आणि ती दोन्ही रंगांना विकते. माझ्या अंगणात बाक दोन आहेत, आणि मधे मी.

तर राफोमोलो स्वतःच्या हाताने लेबेलोच्या वाडग्यात बिअर ओतत होता. आनंद त्याच्या पोटात मावेना. आणि आनंदात माणूस गुणगुणतो, तसा तो गुणगुणला. सेफाकोची चाल! त्या वर्षी ती प्रत्येक टॅक्सीत, प्रत्येक दुकानात वाजत होती; कोंबड्याही त्या तालावर चालत होत्या. पण लेबेलोच्या वाडग्यावर वाकून?

 राफोमोलोला आपलंच गुणगुणणं शेवटी ऐकू आलं तेव्हा वाडगा भरून बिअर जमिनीवर सांडत होती.

लेबेलोने वाडगा खाली ठेवला. मांसाला हात लावला नव्हता, लावलाही नाही. घोंगडीचं टोक गालावर ओढून घेतलं आणि उठला. गाडीत बसताना दातांतल्या दातांत एवढंच म्हणाला, "राफोमोलो, हे घर मी विसरणार नाही. डिसेंबरात ऐकशील."

आता डिसेंबरात ऐकणं म्हणजे काय, ते आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. सीमेपलीकडे खाणीत गेलेले आमचे पुरुष नाताळासाठी घरी आले की माफेतेंग शहराखालच्या माळावर जलसा भरतो, आणि तिथे गायक नावं घेतो. ज्याला ओवाळतो त्याची पोरं वर्षभर ताठ मानेने चालतात. ज्याला झोडपतो त्याने दुसऱ्या जिल्ह्यात सोयरीक बघावी. ते नाव टॅक्सीत वाजतं, लग्नात वाजतं, त्याच्या स्वतःच्या मयतीतसुद्धा कोणीतरी हळूच गुणगुणतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या हिरव्या बाकावर न्याय सुरू झाला.

"चुकून निघालं रे," राफोमोलो म्हणाला.

"चुकून शिंक निघते, न्ताते," मोखेथी म्हणाला. हा मोखेथी उपपुढारी, तोंडात कायम 'न्ताते', म्हणजे आदराचं 'बाबा'. बारीक आवाजाचा, मोठ्या भुकेचा. "अख्खी चाल चुकून निघत नाही. वळणासकट घेतलीत तुम्ही."

"टॅक्सीत कानावर पडते."

"माझ्याही पडते. पण मी कानातच ठेवतो."

सगळे हसले. राफोमोलोही हसला, पण त्याचा हात शिट्टीवर गेला आणि तिथेच राहिला.

सप्टेंबरात त्याने एक जिवंत मेंढा टॅक्सीच्या मागच्या सीटवर घालून लेबेलोचं गाव गाठलं, माफी मागायला. लेबेलो सीमेपलीकडे खाणींच्या गावांत गायला गेला होता. घरात एक बहिरी मावशी होती. तिला वाटलं, माणूस मेंढा विकायला आलाय. तिने भाव पाडून मागितला. राफोमोलो मेंढ्यासकट परत आला. गावात शिरताना तांबड्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "काय न्ताते, मेंढ्यालाही नको झालात का?"

ऑक्टोबरात रेडिओवर लेबेलोची मुलाखत झाली. माझ्या अंगणात त्या दिवशी भांडं खाली ठेवल्याचा आवाजही कोणी केला नाही. या वर्षी नवीन काय, असं विचारल्यावर लेबेलो म्हणाला, "हा-लेशोबोरोत एक घर आहे. त्या घरातून मी कसा उठून आलो ते मला आणि माझ्या देवाला ठाऊक. त्या घराचं गाणं बांधलंय. सगळं सांगेन. घोंगड्या नीट टाचून या."

गाव पेटलं. एरवी जलशाची वाट बघणं म्हणजे टॅक्सीत जागा कोणाची आणि नवीन बूट कोणाचे, एवढंच असतं. या वर्षी सगळ्यांना एकच ओढ लागली. खाणीतून फोन यायचे ते बायकापोरांची खुशाली विचारायला नव्हे, पहिला प्रश्न, "बांधलं का गाणं?" बायका पाण्याच्या नळावर ओळी जुळवून बघायच्या. हिरव्यांनाच जास्त घाई झाली होती, हे मी नीट पाहून ठेवलं. आपल्यातलाच माणूस झोडपला जाणार म्हणजे आपण झोडपले जाणार नाही, असा त्यांचा ताळेबंद.

राफोमोलो वाळत चालला. त्या वर्षी त्याच्या ज्वारीच्या ओळी दारुड्याने ओढल्यासारख्या उगवल्या. मुलगी फोमोलो, जिच्या नावावरून बाप राफोमोलो आणि आई माफोमोलो, तिच्यासाठी एक स्थळ येऊन गेलं होतं. त्यांनी निरोप धाडला: मुलीच्या बापाला किती गुरं द्यायची ते बोलणं नाताळानंतर करू. म्हणजे आधी गाणं ऐकू.

नोव्हेंबरात एका दुपारी मी खमीर मागायला त्यांच्याकडे गेले, तर घरात एक नवीकोरी तांबडी घोंगडी पलंगावर पसरलेली. माफोमोलो तिच्याकडे मेलेल्या सापाकडे बघावं तशी बघत होती.

"बघ मासेबुएंग," ती मला म्हणाली, "याने काय आणलंय बघ."

"डोकं वापरलंय," राफोमोलो म्हणाला. त्याचे डोळे तापलेले होते. "हिरव्यात बसून शिव्या खाल्ल्या तर मी गद्दार. मेलो तर खड्डा खणायला कोणी यायचं नाही. पण तांबड्यात बसून त्याच शिव्या खाल्ल्या तर? शत्रूने शिवी दिली म्हणजे बिल्ला लागला! सेफाकोची माणसं मला खांद्यावर घेतील."

"आणि हिरवी माणसं?" माफोमोलोने विचारलं.

"ती आज तरी कुठे उभं करतात मला?"

"काठ्या घेऊन बसतील तुझ्यासाठी."

"बसू देत. काठी पाठीवर पडते, गाणं पोरीच्या कपाळावर पडतं."

हिशेब चोख होता, हे मला कबूल करावं लागेल. मी मनात दोनदा तपासला, कुठेच चूक सापडली नाही.

माफोमोलो उठली. स्वतःची हिरवी घोंगडी तिने छातीवर ओढून घट्ट टाचली. "मी नाही बदलत. मला लेबेलो आवडतो. तू येण्याआधीपासून आवडतो."

"एका घरात दोन रंग?"

"बाक लाव दोन," ती म्हणाली. "मासेबुएंगच्या अंगणात चालतात, तर आपल्या घरात का नाही?"

तांबड्यांनी त्याला वाजतगाजत घेतला. त्यांचा पुढारी दाढीवाला खाबेले त्याला बैलासारखा फिरवून दाखवायचा: हा बघा, हिरव्यांचा म्होरक्या, आमच्या गोठ्यात. राफोमोलोची शिट्टी मोखेथीच्या गळ्यात गेली. मोखेथी वाटेत भेटला की गोड हसून म्हणायचा, "माळावर भेटू, न्ताते." आणि त्याच्या मागची पोरं काठ्या जमिनीवर आपटायची. राफोमोलोने पाणवठ्याची वाट बदलली, चर्चची वेळ बदलली.

जलशाच्या दिवशी ऊन असं होतं की डोंगर हलताना दिसत होते, तरी एकाही माणसाने घोंगडी उतरवली नव्हती. माळाच्या डाव्या अंगाला हिरवं, उजव्या अंगाला तांबडं, मधे एक दोर आणि दोन कंटाळलेले पोलीस. माझं बिअरचं पिंप दोराच्या टोकाशी होतं, म्हणजे एकीकडे थुंकलं तर हिरव्यावर आणि दुसरीकडे तांबड्यावर. माफोमोलो हिरव्यांत पुढे बसली होती, पाठ ताठ. राफोमोलो तांबड्यांत, खाबेलेच्या गुडघ्याशी. घाम त्याच्या हनुवटीवरून गळत होता.

लेबेलो मंचावर चढला. अकॉर्डियन ओढलं, डब्याच्या ढोलावर पहिला ठोका पडला, आणि तो सगळा माळ, जो ऑगस्टापासून या क्षणाची वाट बघत होता, एका माणसासारखा पुढे झुकला.

"हा-लेशोबोरोच्या घरा रे," लेबेलोने सुरुवात केली, "तुझ्या दारातून मी उठलो, पाठ फिरवून उठलो."

हिरव्यांत आनंदाची किंकाळी उठली. मोखेथीने शिट्टी फुंकली. राफोमोलोने डोळे मिटले.

"मेंढा होता पुढ्यात, मी हात लावला नाही. वाडगा होता भरलेला, मी ओठ लावला नाही. राफोमोलो, राफोमोलो, तुला वाटलं लेबेलो रुसला."

आता तो सांगणार, आता ती चाल निघणार, असं वाटून मी पिंपाची कड धरली.

"अरे, माझी दाढ सुजली होती! कानात माझ्या फक्त दाढ वाजत होती, दुसरं काही ऐकू येईना. शूर लेबेलो गाल लपवून पळाला! राजांच्या घरी मला कोंबडी मिळाली, राफोमोलोच्या घरी अख्खा मेंढा. हिरव्यांनो, असं घर मला दुसरं दाखवा!"

 चार महिने शिवीसाठी उघडी ठेवलेली तोंडं, त्यांत एकदम साखर पडली.

अकॉर्डियन थांबलं. "कुठाय तो?" लेबेलो हसत विचारत होता. "राफोमोलो! उभा राहा! सगळ्यांना बघू दे तुझी घोंगडी!"

हिरव्या बाजूला माना वळल्या. मोखेथीचा हात वर जायला निघाला, बोट तांबड्यांच्या दिशेने, आणि मधेच थांबला. तो मूर्ख नाही. राफोमोलो तिकडे बसलाय असं ओरडलं, तर ज्याची आरती झाली तो पळालेला ठरतो आणि लेबेलो त्याच्याच माळावर हास्यास्पद होतो. बोट परत घोंगडीत गेलं.

पण इकडे खाबेलेने तोच हिशेब उलट मांडला होता. त्याने राफोमोलोच्या बगलेत हात घातला. "ऊठ, म्हाताऱ्या! ऊठ आणि दाखव तांबडी! आज लेबेलो संपला!" मागून दोघांनी धक्का दिला. "ऊठ, नाहीतर उचलतो."

तेवढ्यात माफोमोलो उभी राहिली.

"घरी आहेत ते!" ती ओरडली, आवाज जरासुद्धा न कापता. "दाढ दुखतेय त्यांची!"

माळ हसण्याने फुटला. लेबेलोने कपाळाला हात लावला, "मग तू ये वर, म्मे, माउली! त्याची पावती तू घे!" आणि हिरव्या बायका तिला ढकलत वर घेऊन चालल्या.

इकडे राफोमोलो अर्धा उठलेला. पूर्ण उठला तर बायको सगळ्या देशासमोर खोटी आणि लेबेलो वेडा. बसला तर खाबेलेच्या माणसांच्या काठ्या. मी त्याचा चेहरा बघत होते. त्याने खाबेलेचा हात झटकला, जमिनीवर बसकण मारली आणि बसल्या जागेवरून, घसा फाडून, ओरडायला लागला:

"कोण राफोमोलो? ज्याच्या मेंढ्यासुद्धा त्याला शेजारी समजतात तो? ज्याची ज्वारी वाकडी, मान वाकडी, वाट वाकडी तो? ज्याला घोड्यावर बसवला तर घोडा विचारतो, कुणी बसलंय का? त्याला ओवाळतोस, लेबेलो? त्याची घोंगडी धुतली तर माणूस वाहून जाईल, नुसती टाचणी उरेल!"

खाबेले आधी चमकला. मग त्याला हसू आवरेना. सगळी तांबडी बाजू गडाबडा लोळत होती, कोणाला त्याला उठवायचं भान राहिलं नाही. आणि तो थांबेना. एकामागून एक, तालात, ढोलाच्या ठोक्यावर, एकही अडखळ नाही. अशा ओळी जागच्या जागी सुचत नाहीत. लेबेलो आपल्याला काय काय म्हणेल ते या माणसाने इतक्या महिन्यांत स्वतःच बांधून, घासून, पाठ करून ठेवलं होतं. वर त्याची बायको त्याच्या नावाने नाचत होती आणि खाली तो त्याच नावावर चिखल फेकत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते हसणाऱ्यांच्याही डोळ्यांतून येत होतं.

संध्याकाळी टॅक्सीच्या रांगेत माफोमोलो माझ्याजवळ आली. लेबेलोने तिच्या गळ्यात शिट्टी घातली होती. मोखेथीच्या गळ्यातून काढून, त्याला विचारून वगैरे नव्हे. सोयऱ्यांचा माणूस तेवढ्यात तिला भेटून गेला होता, गुरांचा आकडा आपणहून वाढवून. राफोमोलो तांबड्यांच्या टॅक्सीच्या छतावर चढवला गेला होता, खांद्यावर थापा खात.

"वर ऐकू येत होतं का गं?" मी विचारलं.

"शब्द न् शब्द."

"मग?"

तिने गळ्यातली शिट्टी घोंगडीच्या टोकाने पुसली.

"घोड्याची ओळ चांगली होती," ती म्हणाली. "लेबेलोपेक्षा बरं बांधतो मेला. पण घरी आल्यावर त्याला मी सांगायची नाही."