झील धरणारी

झांजेची दोरी पुन्हा सुटली होती. चिंचेने घासून पिवळीधमक केलेली एक वाटी मनकर्णाच्या मांडीवर, दुसरी खाटेखाली घरंगळलेली, आणि गाठ काही केल्या बसत नव्हती, कारण ती दोरी नुसती ओढत होती… रागानं. कोणावरचा राग, हे मात्र ठरत नव्हतं. खाटेवर नवरा, इतवारी, लकव्यानं ओढलेल्या तोंडातून पेजेची धार हनुवटीवर आलेली. त्याच्यावर रागावणं म्हणजे… नाही, त्याच्यावर नाही. मग वर? वर रागावता येतं का?

"बाई, आज प्रार्थनाघरात साक्ष तुमची," मंडळीचे दिनेश पाळक मघाशी फटफटीवरून न उतरताच सांगून गेले होते. "तारणाची खात्री आहे नं तुमाले, येशूनं तारल्याची? मंग तेच सांगा. दोन ओळी गा, झालं."

"आहे ना," ती म्हणाली होती. किती सहज! नागभीडच्या बाजारात तांदूळ जुना आहे का विचारल्यावर दुकानदार म्हणतो तसं. आहे ना.

नव्हती. इतवारीचं तोंड मिटलं तेव्हापासून तिला प्रार्थनाच करता आलेली नव्हती, आणि कारण इतकं फालतू की कोणाला सांगायची सोय नाही… सुरुवात करता येत नव्हती. जन्मभर ती त्याच्या कीर्तनात झील धरत आली. मार्कंड्याच्या रस्त्यावरच्या गावांत, धानाच्या खळ्यांवर, तो चिपळ्या घेऊन पुढं, ती झांज घेऊन मागं, आणि त्याचा श्वास संपला की ओळीचं शेपूट तिनं उचलायचं, लोकांना फट कळू द्यायची नाही. घरातही तेच. पहाटे तो "हे बापा" म्हणे आणि तिचं मन त्याच्या मागं चालू लागे. तिचं नाव घेऊन तो मागणं मागे, ती आमेन म्हणे. आता ती डोळे मिटून बसते आणि वाट बघते. कोणीतरी "हे बापा" म्हणावं म्हणून. चूल विझून जाते, कोणी म्हणत नाही.

कीर्तनात त्याचं एक ठरलेलं निरूपण असायचं: "मायबाप हो, येशू माझा झीलकरी! मी दमलो, अडलो, पापात तोंडावर पडलो, तरी बापापुढं माझी ओळ तो खाली पडू देत नाई. आत्ता, या घडीले, तो माझ्यासाठी बोलून राह्यला!" लोक डोळे पुसायचे. तिलाही भरून यायचं, पण आत कुठंतरी काटा सलायचाच. पुढं उभा राहतो त्याला झीलकरी, ठीक. पण झील धरणारीचं काय? मी कोणती ओळ अर्धी टाकली की कोणी उचलावी? माझी ओळ तर कधी सुरूच झाली नाही…

"काकू, चला वो!" शेजारची रिना दारातून ओरडली. "घासून घासून आरपार दिसून राह्यलं त्या झांजेतून. काकाले मी घेतो खुर्चीवर."

प्रार्थनाघराचं टिन तापलं होतं. इतवारीची खुर्ची पहिल्या रांगेशी लावली, आणि ती पुढं उभी राहिली. पुढं! समोर कोणाची पाठ नाही, घामानं भिजलेला सदरा नाही, नुसते चेहरे. दोरी नीट बसलेली नव्हतीच; वाट्या तिनं मुठीत दाबून धरल्या.

"बोला बाई," पाळक म्हणाले.

म्हणून टाकावं, खात्री आहे, आणि खाली बसावं. सगळे तेच म्हणतात. कदाचित सगळेच दुकानदार…

"मले नाई सांगता येत," ती म्हणाली. आवाज चिडका निघाला. "हाये का नाई, तेच समजून नाई राह्यलं मले."

पाळक खाकरले. मागं कोणीतरी "अगं माय" म्हणालं. आणि तेवढ्यात खुर्चीतून "ऊं… ऊं आ…" असं काहीतरी आलं. काकाला पाणी हवं म्हणून रिना उठली, पण मनकर्णाला कळलं. शब्द नव्हते, सूर वाकडा होता, पण त्याच्या कीर्तनातल्या पदाची जागा बरोबर होती… "सूर माझा…" आणि श्वास तुटला तोही तिथंच, जिथं तो नेहमी तुटायचा.

"…तुटला तरी तो धरून आहे," तिच्या गळ्यानं तिला न विचारताच उचललं. झांज एकदा वाजली.

पुढची ओळ आली नाही. त्याच्याकडून नाही, तिच्याकडूनही नाही. टिन तडतडलं. लोकांना वाटलं असेल, संपलं. राग होता तिथंच होता… आणि तरी, पुढचा थांबला की गाणं थांबलं असं मला कधी वाटलंच नाही, एवढी वर्षं. मग इतक्या पहाटा मी कसली वाट बघत बसले? सुरुवातीची? ती कधीच झाली असेल तर? कोणी आधीपासून बोलत असेल, माझंच नाव घेऊन, आणि मला फक्त मधून धरायचं असेल तर…

ठाऊक नाही मला. झांजेच्या वाट्या एकमेकींपासून बोटभर दूर धरून, मान जराशी कलती करून, मागं उभी राहायचे तशीच उभी राहून, मी कान दिला.