वाघोबाच्या मागचा खटका

मित्रांनो, गाडीत बसल्यावर तुम्ही आधी काय बघता? खिडकी. मग गाण्यांचं बटण. मग हॉर्न, तो तर पोरासोरांचा फार लाडका. माझ्याकडे कुणी बघत नाही. मी एका जुन्या जीपमधला हवेचा खटका आहे. बोटाच्या पेराएवढा, काळा, कडांना आता जरा पांढरा पडलेला. डावीकडे सरकवलं की आतलीच हवा आत फिरते, उजवीकडे सरकवलं की बाहेरची हवा आत येते. एवढंच माझं काम. ऐकायला हलकं वाटतं ना? वाटू दे. सगळं ऐकून झाल्यावर मग बोलू.

माझ्या शेजारी एक चित्र छापलेलं आहे. छोटीशी गाडी आणि तिच्या पोटात गोल वळलेला बाण. काढणाऱ्याला वाटलं असेल, हे बघून जगाला सगळं कळेल. कसलं काय. पुढे दाभोसा गावी पहिल्यांदा आलो तेव्हा एकाने त्याला गोगलगाय म्हटलं आणि दुसऱ्याने मडक्यात शिरलेला साप. मला वाईट वाटलं, पण चित्र बघून मीही मनात म्हटलं, साप दिसतोय खरा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तापून पातळ झालेला काळा रस साच्यात गेला, निवला, आणि मी बाहेर पडलो. मला गाडीत बसवलं तेव्हा माझ्या डावी-उजवीकडे सगळा गोतावळा होता. पंख्याचं चाक, गरम-थंडची लाल-निळी कळ, काचा वरखाली करणारी बटणं, आणि कुणी पट्टा न लावता बसलं की किणकिण करणारी एक भुणभुणी घंटा. तिचा मला फार त्रास व्हायचा, पण तिचं बरोबर असायचं हे कबूल करतो.

आमचा पहिला चालक गोरखदादा. ठाण्याच्या एका कचेरीत गाडी होती. हा माणूस गाडी सुरू करण्याआधी खुर्ची आपल्या पायाला जुळवून घ्यायचा, आरसे बघायचा, पट्टा लावायचा. साहेबांची मुलं मागे असली तर दारांना आतून न उघडणारी कडी घालायचा आणि काचांची बटणं बंद करायचा. चाकं फिरायला लागली की त्याची नजर रस्त्यावर. काही बदलायचं असलं तर शेजारच्याला सांगायचा, नाहीतर गाडी बाजूला घ्यायचा. पुढे धूर ओकणारा ट्रक आला की मला डावीकडे, ट्रक गेला की लगेच उजवीकडे. दिवसभर माझी नुसती ये-जा. खूप सुखाचे दिवस होते ते.

गाडी जुनी झाली आणि दाभोशाच्या नवसूने ती घेतली. गोरखदादाने त्याला एकेक कळ समजावली. माझ्यावर बोट ठेवून म्हणाला, "पावसात हा उजवीकडेच ठेवायचा बरं का." नवसू म्हणाला, "हां हां." त्याचा सगळा जीव हॉर्नमध्ये अडकलेला. नवसू माणूस सोन्यासारखा, पण ऐकायचं निम्मं आणि मान डोलवायची पूर्ण, अशी त्याची रीत.

मग आमची वाट बदलली. दाभोसा ते जव्हार, आणि बाजाराच्या दिवशी थेट मोखाडा. मला तर स्वप्नात असल्यासारखं वाटायचं. माझ्यातून काय काय आत यायचं सांगू? मोहाच्या फुलांचा गोड जड वास, भाताच्या खाचरांचा ओला वास, धबधब्याकडच्या वळणावर गार तुषार. माणसं बसल्या बसल्या डोळे मिटायची आणि चेहरे निवांत व्हायचे. ती हवा कुठून आली हे कुणी विचारत नसे. मीही सांगत नसे.

नवसूचा बाप जिवा. बोहाड्याचे, म्हणजे देवांची सोंगं नाचवायच्या उत्सवाचे, मुखवटे करणारा. कागदाचा लगदा कालवून तो देव घडवायचा आणि त्याची बायको धोंडीबाई ते रंगवायची. एका चैत्रात म्हाताऱ्याने लेकाच्या गाडीसाठी पंज्याएवढा वाघोबा केला. पिवळा धमक, काळे पट्टे, लाल जीभ. मोखाड्याच्या बोहाड्याला निघताना नारळ फोडला आणि जिवाने स्वतःच्या हाताने तो वाघोबा हवेच्या जाळीला लाल दोऱ्याने बांधला. नेमका माझ्यावर. त्या दिवसांत शेतात राब भाजत होते, पालापाचोळा जाळून रोपांची जमीन करत होते, त्याचा धूर नको म्हणून मला डावीकडे सारलेलं होतं. वाघोबाची हनुवटी माझ्यावर टेकली आणि मी तिथेच अडकलो. त्याच पावसाळ्यात जिवा गेला.

आता बापाच्या हातची गाठ कोण सोडणार? नवसू रोज सकाळी वाघोबाला हात जोडायचा आणि गाडी सुरू करायचा. मला त्याचा राग आला नाही. देव अंगावर बसला म्हणून कुणी तक्रार करतं का? पण अंधारात दिवस मोजवत नव्हते. बाजारच्या दिवशी गाडी माणसांनी, कोंबड्यांनी, पाट्यांनी गच्च भरायची आणि तीच ती हवा आत फिरायची. माणसं पेंगायची, पोरं चिडचिडी व्हायची, आणि नवसू म्हणायचा, "ऊन लागलंय सगळ्यांना." मी वाघोबाच्या मागे बसून मोहाच्या फुलांची स्वप्नं बघायचो.

पावसाळ्यात काचेवर वाफ धरायची. नवसूची समजूत अशी, की बाहेरचं धुकं फटीफटीतून आत घुसतं. मग तो सगळं आणखी घट्ट बंद करायचा आणि एका हाताने फडका मारत, एका हाताने गाडी चालवायचा. आजवर निभावलं होतं. निभावलं की माणसाला वाटतं, आपली रीतच खरी.

यंदाच्या श्रावणातली गोष्ट. नवसूची लेक सकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दुपारी तिला कळा सुरू झाल्या. पाड्यावरची आशाताई नीता धावत आली, सकूला बघून म्हणाली, "दादा, गाडी काढ. जव्हारला न्यायचं, आत्ताच." मधल्या खुर्चीवर सकू आणि तिला धरून धोंडीबाई, पुढे नीताताई. सगळी चिंब भिजलेली. पाऊस असा तिरका, की काच बोटभर उघडली तरी पाणी थेट सकूच्या अंगावर.

पहिल्या चढालाच समोरची काच पांढरी झाली. बाहेर वायपर मान मोडेस्तोवर हलत होता, पण पाऊस पुसून उपयोग नव्हता, पांढरं सगळं आतून होतं. नवसूने फडका घेतला. पुसलं की क्षणभर रस्ता, लगेच पुन्हा दूध सांडल्यासारखी काच. त्याने आतला दिवा लावला, तर काचेत त्याचाच घाबरलेला चेहरा दिसायला लागला. मागे सकू ओठ चावत होती. तिने एकदाच हाक मारली, "बा." बस, तेवढंच. नवसूने वेग वाढवला.

मित्रांनो, त्या वेळी माझा जीव तुटत होता. मला माहीत होतं काय करायला हवं. माझ्या सबंध आयुष्यात मला एवढं एकच तर माहीत आहे. आणि मी ते सांगू शकत नव्हतो.

गाडीचं डावं चाक रस्त्यावरून खाली उतरलं. चिखलात घसरलं, पुन्हा वर आलं. धोंडीबाई म्हणाली, "नवश्या, थांबव."

"थांबायला वेळ नाय आये. पोरीकडं बघ."

"तिच्याकडं बघूनच सांगते. तुला रस्ता दिसतो का? नाय ना? मंग थांबव."

नवसूने गाडी बाजूला घेतली. "धुकंच आत येतंय," तो म्हणाला. "कुठून येतंय तेच कळत नाय."

नीताताईने चहूकडे पाहिलं. काचा बंद, दारं बंद. मग तिने शेजारच्या काचेचा कोपरा ओढणी पिळून पुसला, त्यावर तोंडाने 'हा' केलं. कोपरा पांढरा झाला. "दादा, हे धुकं बाहेरचं नाही. हा आपल्या चौघांचा श्वास आहे. आणि या ओल्या कपड्यांची वाफ. आतच कोंडलंय. बाहेरची हवा घ्यायचं काहीतरी असेल ना हिच्यात?"

बऱ्याच वर्षांपूर्वी अर्धं ऐकलेलं काहीतरी नवसूला आठवत असावं. त्याने वाघोबाकडे बघितलं. "त्याच्या मागं हाय. गोगलगाईचं चित्र. पण ती बाच्या हातची गाठ हाय, ताई. मी नाय सोडणार."

नुसता छपरावर पाऊस. नीताताईने पुढे केलेला हात मागे घेतला. सकूने आजीचं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगड्या वाजल्या.

मग धोंडीबाई दोन्ही खुर्च्यांच्या मधून पुढे वाकली. "गाठ त्यानं मारली," ती म्हणाली, "पण दोरा माझ्या लुगड्याच्या काठाचा हाय. माझा मी सोडते. वाघ राखण करायला बसवलाय, वाट अडवायला नाय." तिची सुरकुतलेली बोटं माझ्याजवळ आली. दोरा भिजट, गाठ बारीक. तिने नखाने ती उकलली, वाघोबाला कपाळाला लावलं आणि आपल्या मांडीवर बसवलं. कितीतरी वर्षांनी माझ्यावर उजेड पडला.

नवसूने मला धरलं आणि उजवीकडे ढकललं. मी हललो नाही. खाचेत धूळ, राबाची राख, कुंकू, सगळं बसून घट्ट झालं होतं. त्याने पुन्हा जोर केला. मला वाटलं, आता मी मोडणार. मोडलो तरी चालेल, पण सरकून मोडू दे, एवढंच मी वाघोबाला म्हणालो. कट्कन आवाज झाला आणि मी पलीकडे गेलो.

नीताताईने गरम-थंडची कळ लाल बाजूला फिरवली, काचेकडचा वारा लावला, पंखा मोठा केला. आधी धुळीचा एक भपका आला. आणि मग माझ्यातून बाहेरची हवा शिरली. ओल्या मातीची, भाताची, कारवीच्या पानांची. काय सांगू तुम्हाला, मी रडलो असतो. काचेच्या खालच्या कडेला चंद्रकोरीएवढी जागा साफ झाली. ती वाढत वाढत वर चढली. नवसूने आतला दिवा मालवला आणि समोर पाहिलं.

पुढे ओढ्यावरची मोरी होती. तिची डावी बाजू पाण्याने खाल्लेली होती, कठड्यासकट. ज्या रेषेत आम्ही चाललो होतो ती रेषा सरळ त्या खड्ड्यात जात होती. नवसूने पट्टा ओढून लावला, नीताताईला लावायला सांगितला, आणि उजव्या अंगाने सावकाश मोरी पार केली. जव्हारपर्यंत त्याने ना फडका हातात घेतला, ना रस्त्यावरची नजर काढली. सकूला दवाखान्यात आत नेलं आणि दिवे लागायच्या आत तिला मुलगी झाली.

मित्रांनो, गाडीतल्या कळा, बटणं, खटके ही शोभेची खेळणी नाहीत. दरवाजाची कडी, काचेचं बटण, बसायचा पट्टा, प्रत्येकाला काहीतरी राखायचं आहे. त्यांच्यावर माळा लटकवू नका, देवसुद्धा बसवू नका. कुठलं चित्र कळलं नाही तर लाजू नका, विचारा, आणि तेही गाडी उभी असताना. मोठी माणसं चालवताना बटणांशी खेळत असली तर त्यांना बिनधास्त टोका. ती आधी रागावतील, मग ऐकतील.

काही दिवसांनी सकू बाळाला घेऊन घरी निघाली. नवसू तो लाल दोरा घेऊन आला होता. वाघोबा त्याच्या हातात होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मी श्वास रोखला. मग त्याने दोरा घडी करून खिशात ठेवला आणि वाघोबा आईकडे दिला. "आये, हा पोरीच्या झोळीवर बांधू घरी. राखण तिथं करल."

सकू मागे बसली, पट्टा लावून. तिच्या मांडीवर दुपट्यातली पोर. जव्हारच्या बाहेर खडी वाहणारा डंपर समोर आला, धुळीचा लोट उठवत. नवसूने मला डावीकडे सारलं. डंपर गेला, धूळ बसली, आणि त्याने मला पुन्हा उजवीकडे सारलं. किती साधी गोष्ट. मला ती परत मिळायला किती पावसाळे लागले.

माझ्यातून गार वारा आत गेला. दुपट्यात पोरीने तोंड वाकडं केलं, एक शिंक दिली आणि डोळे उघडले.

"बा," सकू म्हणाली, "वारा कुठून येतोय?"

नवसूने रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं, "तो गोगलगाईचा खटका हाय ना, त्याच्यातून."

माझं नाव पहिल्यांदाच कुणीतरी घेतलं होतं. चुकीचं का होईना.