घोड्यावरची शालन

शालन गेली त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात एका परक्या देशाने तिचं टपाल तिकीट काढलं. युद्धातली वीर म्हणून. पदर कमरेला खोचून ती घोड्यावर बसली होती आणि तिच्या हातात तलवार होती.

भानुदास नलवडे जन्मभर परदेशी तिकिटं जमवत आला होता, तीही फक्त लढवय्यांची. नवऱ्याच्या नात्याने नव्हे, जाणकाराच्या नजरेने त्याने तिकीट भिंगाखाली धरलं. चित्रातल्या शालनच्या चष्म्याची दांडी काळ्या दोऱ्याने बांधलेली होती. तो दोरा त्यानेच बांधून दिला होता.

"ती सायकलच्या कॅरिअरवर बसायला भ्यायची," तो म्हणाला.

"घोड्याचं वेगळं असतं," तिकिटं विकणारे मोमीनभाई म्हणाले. हा संच मोठा आहे, एकेक करून येईल, पण शेवटचं तिकीट आजवर कुणाच्या हाती लागलेलं नाही, असंही त्यांनी सांगितलं. भानुदासला ते मिळणार याची खात्री होती. शालनचा एक तुकडाही दुसऱ्याच्या अल्बममध्ये जाऊ द्यायला तो तयार नव्हता.

दुसऱ्या तिकिटावर ती नदी ओलांडत होती आणि बाण अडवायला तिने तवा धरला होता. भानुदासने ते अल्बममध्ये लावलं आणि भाकरी करायला उठला, तर खिळ्यावर तवा नव्हता. तिसऱ्यावर तिच्या डाव्या दंडाला गोळी लागली होती. त्या जागेचा वण त्याने संसारभर पाहिला होता. देवीची लस, असं ती सांगायची.

त्याने मेहुणीला, रतनला, फोन केला. शालन दर उन्हाळ्यात महिनाभर माहेरी असायची ना, म्हणून विचारलं.

"चार दिवस असायची, दाजी. मग पुढं जायची."

"कुठं?"

"तुम्हाला ठाऊक असंल असं वाटायचं आम्हाला. तिकिटांतनं डोकं वर काढून एकदा विचारायचं होतं की तिला."

तिकिटं येत राहिली. तंबूत ती रॉकेलच्या स्टोव्हवर सैनिकांना चहा करत होती. घरातला स्टोव्ह गेला. तिच्या गोधडीचं निशाण किल्ल्यावर लागलं, तेव्हा पलंगावर नुसती गादी उरली. भानुदासची काही तक्रार नव्हती. वस्तू योग्य ठिकाणी लागत होत्या. पुढे भिंतींच्या कडांना बारीक गोल भोकं पडू लागली, सारख्या अंतरावर. त्याने मोजपट्टी लावून पाहिली. शालनच्या तिकिटांच्या कडांना होती तशीच होती, आणि त्याला बरं वाटलं. खोल्या दर आठवड्याला थोड्या आत सरकत होत्या. छत पाकिटाच्या कागदाइतकं पातळ झालं होतं.

मग शेवटचं तिकीट आलं. त्यावर त्याच्याच घराचं दार होतं, बाहेरून पाहिलेलं, निळं. शालन पाठमोरी उभी होती. एका हातात पिशवी होती, दुसरा दार वाजवायला उचललेला. सकाळी तो हात वर होता, जेवणानंतरही वरच होता.

भानुदासने ते मोमीनभाईंना दाखवलं. त्यांनी ते चिमट्यानेसुद्धा धरलं नाही. असं कोरं, शिक्का न बसलेलं तिकीट जगात दुसरं नसेल, म्हणाले.

"कोरं तिकीट कुठं पोचत नाही," भानुदास म्हणाला. "मी हे चिकटवणार."

"शिक्का बसला की संच गेला, नलवडे."

"जाऊ दे."

"आणि शिक्का नुसता तिकिटावर बसत नसतो. अर्धा पाकिटावर पडतो."

"मला माहीत आहे," भानुदास म्हणाला.

घरी येऊन त्याने आयुष्यात पहिल्यांदा तिकिटाला जीभ लावली. पाकिटावर लावतात तसं, दाराच्या आतल्या अंगाला, वर उजव्या कोपऱ्यात ते चिकटवलं आणि अंगठ्याने दाबलं. केस विंचरले. धुतलेला सदरा घातला.

छतावर एक गोल सावली दिसू लागली. तिच्या मधोमध उलटे आकडे होते आणि बाजूला लाटांसारख्या जाड रेघा. ती मोठी होत खाली येत होती. बाहेर पायरीवर कुणीतरी पिशवी ठेवली. भानुदासने कडीला हात घातला.