चार अंगठे

मित्रांनो, मी शाईचा एक जुना पॅड आहे. पत्र्याची डबी, आत जाड कापड, कापडात जांभळी शाई. कारखान्यातून निघताना वाटलं होतं, पोस्टात जाईन. आलो सरकारी पालकाच्या कचेरीत.

ज्यांना स्वतःचे निर्णय घेता येत नाहीत आणि जवळचं कुणीच नाही, अशा मोठ्या माणसांना न्यायालय पालक नेमून देतं. आमच्या साहेबांकडे अशी एकशे साठ माणसं होती. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाला भेटायचं, अहवाल लिहायचा आणि भेटीची खूण म्हणून त्यावर अंगठा घ्यायचा, असा नियम. साहेब वाईट नव्हते. अंगठ्याची शाई ते स्वतःच्या रुमालाने पुसत. माझंही कौतुक करत, "हा कधी दगा देत नाही."

निवारागृहातल्या घड्याळकाकांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती. अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, हात लुळा पडला, तेव्हा ते साहेबांच्या यादीत आले. दीड वर्षाने बोलणं परतलं. हातही.

"साहेब, पेन द्या. सही करतो."

"काका, तुमच्या फॉर्मवर सहीला जागाच नाही. अंगठाच लागतो."

"सही येते म्हणजे डोकं ठिकाणावर आहे ना? डॉक्टरांना परत तपासू द्या. मला घरी जायचंय."

"अर्ज करू की. पुढच्या भेटीत."

"बंद घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा तुमच्यापेक्षा वेळेवर असतं हो!"

साहेब हसले. अजून अकरा माणसं बाकी होती. त्यांनी चार कोरे अहवाल पुढे सरकवले. "वर्षाचे एकदमच द्या. तुम्हाला त्रास नको."

"मला कसला त्रास? तुम्ही येत जा."

साहेबांनी त्यांचा अंगठा धरून चार वेळा माझ्यावर टेकवला. ठसे स्वच्छ उमटले.

पुढे कुणी गेलं नाही. दुसरा अहवाल कचेरीत बसूनच भरला गेला. मग तिसरा: 'समक्ष भेटलो. प्रकृती समाधानकारक.'

त्यानंतर आठवड्याने टपालाच्या ढिगात निवारागृहाचं जुनं पाकीट सापडलं. काका न्यूमोनियाने चार महिन्यांपूर्वीच गेले होते. सोबत त्यांच्या उशीखाली मिळालेला अर्ज होता, फेरतपासणीचा. खाली सही. बारीक, सरळ, एकही रेघ न थरथरलेली.

साहेबांनी अर्ज पाकिटात परत घातला आणि माझ्यासकट काकांचे सगळे कागद ड्रॉवरमध्ये सारले. मग त्यांनी ड्रॉवर लावला.

मित्रांनो, उद्या कुणाच्या वतीने ठरवायची वेळ तुमच्यावर आली, तर आधी त्याच्यापाशी बसा आणि त्याला विचारा. मी आता त्याच ड्रॉवरमध्ये वाळतो आहे. माझ्याखाली काकांचा चौथा अहवाल आहे. ठसा उमटलेला आहे. मजकूर तेवढा भरायचा राहिला आहे.