लाल झाकणाखाली हिरवा दिवा

दादाच्या हाताखाली मी एकतीस वर्षं काम केलं, आणि त्यातली तीस तरी त्याची बोलणी खाण्यात गेली. तो मिस्त्री, मी सोल्डर मारणारा. नाणं टाकून खेळायच्या जुन्या मशिनांचा हॉल. खिडकी एकही नाही, गालिच्याला कुबट वास, आणि मागच्या भिंतीला ओळीने उभी असलेली अकरा पिनबॉल मशिनं. दादा सतराव्या वर्षी तिथे चिकटला. घरात वहिनीपुढे त्याची मांजर व्हायची, पण हॉलमधल्या आपल्या टेबलाशी तो राजा होता.

यंदा मालकीणबाईंनी फर्मान काढलं, तारेचे बल्ब काढून एलईडी बसवा. त्यांचंही चूक नव्हतं. जुने बल्ब तापतात, आणि त्या धगीने पुढच्या काचेवरच्या चित्रांचे पापुद्रे सुटायला लागले होते.

"एक मशीन करून दाखवा," त्या दादाला म्हणाल्या. "जमलं तर बाकीची दहा तुमचीच. नाहीतर बाहेरची माणसं बोलावते. तुम्हीही आता आराम करा."

'आराम करा' हे शब्द दादाला शिवीसारखे लागले. त्यात चार महिन्यांपूर्वी त्याच्या छातीचं दुखणं निघालेलं. गोळ्या चालू होत्या, गालफडं बसली होती. हे टेबल सुटलं तर हा माणूस घरी बसून वाळून जाईल, हे मला स्पष्ट दिसत होतं.

दादाच्या दोन सवयी. लागणारं सगळं सामान एकाच पत्र्याच्या डब्यात ओतायचं, आणि काम संपलं त्या दिवशी मशीनला वीज द्यायची नाही. सकाळी एकदा नीट बघून मगच बटण दाबायचं. तारेचे बल्ब सगळे सारखेच, त्यामुळे डब्यापायी कधी काही अडलं नाही. रंग असायचा तो खेळाच्या फळीत बसवलेल्या प्लास्टिकच्या झाकणांना. एलईडीचं तसं नाही. लाल झाकणाखाली लालच दिवा लागतो. हिरवा लावलात तर झाकण त्याचा उजेड गिळून टाकतं आणि वरून जवळजवळ अंधार दिसतो. दुकानदाराने प्रत्येक रंगाची वेगळी पिशवी दिली होती. दादाने सगळ्या पिशव्या डब्यात रिकाम्या केल्या.

"पिशव्यांतच राहू दे की," मी म्हणालो.

"मला रंग कळत नाहीत का? तू तुझं सोल्डर बघ."

दोन दिवसांनी सकाळी मालकीणबाईंसमोर त्याने बटण दाबलं. चौदा झाकणं मेलेली.

"मालच भिकार आहे," दादा म्हणाला, पण त्याचा आवाज बसला होता. नाचता येईना अंगण वाकडे, हे मालकीणबाई तोंडाने बोलल्या नाहीत, चेहऱ्याने बोलल्या. संध्याकाळपर्यंतची मुदत देऊन त्या निघून गेल्या.

दुपारी दादा जेवायला घरी गेला तेव्हा मी फळी उचलली. ते चौदा दिवे काढून एकेक करून बॅटरीला लावून बघितले. सगळे ठणठणीत. लालखाली हिरवे, हिरव्याखाली लाल. निळे-पिवळे मात्र जिथल्या तिथे. वय झालं, दुसरं काय, असं मी मनाशी म्हटलं. एका चुकलेल्या वायरीपायी याच माणसाने मला पान्हा फेकून मारला होता. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याचा रागही आला. अर्ध्या तासात मी दिव्यांची अदलाबदल करून टाकली.

तो परतला तेव्हा मशीन लखलखत होतं.

"काय केलंस?"

"खराब दिवे बदलले."

"रंग बरोबर होते? लाल, हिरवे?"

"होते रे बाबा."

त्याने माझं मनगट धरलं. "खरं सांग."

"तुझ्या गळ्याशपथ. मालच भिकार."

तो स्टुलावर बसला आणि मोठा श्वास सोडला. टेबल राहिलं म्हणून, असं मला वाटलं.

पुढचे दहा आठवडे माझी एक नवी नोकरी सुरू झाली. आठवड्याला एक मशीन. संध्याकाळी दादा काम उरकायचा, आणि दुसऱ्या दिवशी मी तासभर आधी येऊन फळी उचलायचो. हॉलची किल्ली माझ्याकडेच असल्याने कुणाला पत्ता लागायचा नाही. तिसऱ्या मशीनला वीस चुका निघाल्या, सातव्याला चाळीस. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत मी निस्तरत राहिलो. मग दादा यायचा, बटण दाबायचा, आणि मालकीणबाई म्हणायच्या, "या वयात काय हात आहे!" दादा मला डोळा मारून म्हणायचा, "शिक जरा, अजून वेळ गेली नाही." मी हसायचो आणि वायर शोधायच्या निमित्ताने तोंड फिरवायचो.

सहाव्या मशीनच्या वेळी त्याने पुन्हा विचारलं, "मी लावलेल्यातला एकही चुकला नाही ना?"

"एकही नाही."

अकरावं मशीन झालं त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला. "भावोजी, हे चहा कपाबाहेर ओततायत. म्हणतात, बघतो तिथेच धुकं दिसतं. माझं ऐकत नाहीत, तुम्ही घेऊन जा."

मी त्याला छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक त्याच्यापुढे धरलं. ठिपक्यांत लपलेला एकही आकडा त्याला वाचता येईना. चार पानांनंतर त्यांनी पुस्तक मिटलं.

"गोळ्या सुरू करताना मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"लाल-हिरव्यात गल्लत व्हायला लागली तर त्याच दिवशी यायचं," दादा शाळेतल्या पोरासारखं म्हणाला. "एक गोळी डोळ्यांना बाधू शकते. वेळेत थांबवली तर नजर सुधारते."

हे त्याने वहिनीला सांगितलं नव्हतं, मलाही नाही. उगाच घरात काळजी नको म्हणून.

"मग आला का नाहीत?"

"गल्लत झालीच नाही ना! रोज तपासत होतो. कामच लाल-हिरव्याचं होतं. एका डब्यातून शेकडो दिवे वेचून लावले, एकही चुकला नाही. याला विचारा, हा होता तिथे."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. दादाची नजर माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी होती. मी सांगितलं. पहिले चौदा, मग वीस, मग चाळीस, सगळं सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावरच्या एका गोळीवर काट मारली. "आजपासून ही बंद," त्या म्हणाल्या. "पण अडीच महिने फार झाले. गेलेली नजर आता बहुतेक येणार नाही."

दादाने हात पुढे करून चाचपत माझा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला.

"अरे, मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला. "दोनदा विचारलं होतं."